देवळालीचा ताप आणि न चावणारा डास

१/
पावसाळा सरत आला की देवळाली कॅम्पात दिवेलागणीच्या वेळी भिंतीवर एक बारीक कीटक येऊन बसतो. रंग हिरवट किंवा भुरकट, पाय लांब आणि नाजूक, पंख अरुंद, डोक्यावर पिसासारखा तुरा. पाहणारा त्याला डास समजतो आणि हात उगारतो. या कीटकाला मात्र रक्त शोषणारी सोंडच नसते. तो कायरोनोमिडी या कुळातला. बोलीत त्याला डास, मच्छर, चिलट असे काहीही म्हटले जाते. त्याचे स्वतःचे असे नाव नाही. आज मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरून त्याला डासापासून वेगळे ओळखता येते. ही ओळखण्याची रीत कशी घडली आणि ती घडत असताना हा निरुपद्रवी जीव मागे का राहिला, याचा इतिहास मोठा रंजक आहे. त्याची सुरुवात देवळालीच्या नावाला चिकटलेल्या एका आजारापासून होते.

२/
१८६१ मध्ये ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी तळ उभारला. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी येथे थांबून पुढे जात आणि नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच राहत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात सुटत. ज्याची मुदत हंगामातले शेवटचे जहाज गेल्यावर संपे, त्याला पुढचा हंगाम येईपर्यंत छावणीत दिवस काढावे लागत. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, सोबतीला दारू आणि अधूनमधून येणारा ताप. अशा रिकामपणात ज्यांचे डोके फिरे, त्यांच्याविषयी शिपायांच्या बोलीत एक शब्दप्रयोग रूढ झाला : ‘डूलाली टॅप’. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

३/
हा शब्द पलटणींबरोबर इंग्लंडात गेला. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्याची हकीकत दिली आहे. १९७४ पासून बीबीसीवर गाजलेल्या एका विनोदी मालिकेची पार्श्वभूमीही सुरुवातीला देवळालीचीच होती. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘डूलाली’ एवढाच शब्द ‘वेडगळ’ या अर्थाने इंग्रजीत उरला. म्हणजे आजार विसरला गेला आणि गावाचे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले. हा तळ उभा राहिला तेव्हा हिवताप कशाने होतो, हेच कोणाला ठाऊक नव्हते. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. दलदलीतून उठणाऱ्या दूषित वाफांनी ताप येतो, असे वैद्यकही मानत होते. १८८० मध्ये आल्फाँस लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला अल्जीरियात रुग्णाच्या रक्तामध्ये तापाचा परजीवी दिसला. तो रक्तात शिरतो कोठून, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

४/
भिंतीवरच्या कीटकाला अचूक नाव असणे किती महत्त्वाचे असते, हे या प्रश्नाच्या उत्तराने दाखवून दिले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील रोनाल्ड रॉस १८९५ पासून सिकंदराबादेत डास तपासत होते. पॅट्रिक मॅन्सन यांनी डासावर संशय घेतला होता. पण कोणता डास? रॉस यांच्याजवळ भारतातील डासांची ओळख करून देणारे पुस्तक नव्हते. त्यांनी आपल्यापुरती नावे ठेवली : करडे, पट्टेरी आणि ठिपकेदार पंखांचे. जवळजवळ दोन वर्षे ते करड्या आणि पट्टेरी डासांची पोटे सूक्ष्मदर्शकाखाली चिरत राहिले. हाती काही लागले नाही, कारण हे डास माणसाचा हिवताप वाहून नेतच नाहीत. ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. ते हुसेन खान या रुग्णाला चाववले गेले. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना परजीवीच्या पेशी दिसल्या. दोन वर्षांचे अपयश हे बऱ्याच अंशी ओळखीचे अपयश होते.

५/
त्याच सुमारास इटलीत जोव्हानी बात्तिस्ता ग्रासी यांनी हा प्रश्न उलट्या टोकाने हाताळला. ते मुळात प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यामुळे डासांच्या जाती त्यांना वेगवेगळ्या ओळखता येत. तापाच्या प्रदेशात कोणत्या जाती आढळतात आणि जेथे ताप नाही तेथे कोणत्या, याची त्यांनी तुलना केली. जी जाती दोन्हीकडे सारखीच आढळे, ती संशयातून सुटे. अशा चाळणीतून अॅनॉफिलीस उरला. १८९८ च्या अखेरीस ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप हाच डास पसरवतो, हे सिद्ध केले. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात झालेले भांडण कडवट होते, आणि १९०२ चे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले. तरीही त्या वादाच्या धुरळ्याखाली एक साधी गोष्ट दिसते : रॉस यांच्याकडे चिकाटी होती, ग्रासी यांच्याकडे नावे होती.

६/
आता डासांना नावे देण्याची घाई सुरू झाली. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने वसाहतींतून डासांचे नमुने मागवले. टाचणीला टोचलेले, डबीत बंद केलेले हजारो डास बोटींतून निघाले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज जाइल्स यांनी १९०० मध्ये डासांचे एक हस्तपुस्तक काढले. फ्रेडरिक थिओबाल्ड यांच्या पाच खंडी ग्रंथाचे प्रकाशन १९०१ मध्ये सुरू झाले आणि १९१० मध्ये पुरे झाले. त्यात रंगीत चित्रफलक होते. आता दूरच्या छावणीतला डॉक्टर आपल्यासमोरचा कीटक चित्राशी ताडून पाहू शकत होता. छायाचित्रावरून कीटक ओळखण्याच्या आजच्या सवयीचे मूळ या चित्रफलकांत आहे.

७/
या घडामोडीत महाराष्ट्रातील एका छावणीचा वाटा मोठा आहे. ती वऱ्हाडातली. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही तेव्हा हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तेथे विल्यम ग्लेन लिस्टन या तरुण डॉक्टराने वर्षभर अॅनॉफिलीस डासांच्या सवयींची नोंद ठेवली आणि १९०१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन केले आणि मलेरियाचे अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्यावरून तिचे नाव ठेवले : अॅनॉफिलीस स्टीफेन्सी. हेच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत गेले आणि प्लेगच्या प्रसारात उंदरावरील पिसवांचा वाटा दाखवून देणाऱ्या कामासाठी ओळखले गेले. शिपायांच्या बोलीतून देवळालीचे नाव जगभर झाले. शास्त्राच्या कागदपत्रांत अचलपूर राहिले ते या डासामुळे.

८/
१९०४ मध्ये सिडनी प्राइस जेम्स आणि लिस्टन यांनी भारतातील अॅनॉफिलीस डासांवर सचित्र ग्रंथ लिहिला. पंखांवर काळे-पांढरे ठिपके कोठे आहेत, पायांवर कडी किती आहेत, सोंडेच्या बाजूच्या स्पर्शकांवर पट्टे कसे आहेत, अशा खुणांवरून जाती वेगळ्या काढता येऊ लागल्या. बसण्याची ढब हीसुद्धा खूण ठरली : अॅनॉफिलीस भिंतीशी कोन करून, शेपटीकडचा भाग उचलून बसतो, तर इतर डासांचे शरीर भिंतीला समांतर असते. या ज्ञानाचा उपयोग लवकरच झाला. मुंबईतील हिवतापाची चौकशी करणाऱ्या चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातील विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या स्टीफेन्सीकडे बोट दाखवले. त्यातून विहिरी झाकण्याची मोहीम निघाली आणि विहिरींना पवित्र मानणाऱ्या लोकांचा विरोधही उभा राहिला. एका कीटकाची नेमकी ओळख पटली आणि तिचे पडसाद थेट शहराच्या राजकारणात उमटले.

९/
या साऱ्या धामधुमीत न चावणाऱ्या कीटकाचे काय झाले? याचे उत्तर एका पुस्तकाच्या शीर्षकातच सापडते. ब्रिटिश भारतातील प्राण्यांची सूची करणाऱ्या प्रसिद्ध ग्रंथमालेत १९१२ मध्ये माश्या आणि चिलटांवरचा पहिला खंड आला. लेखक एन्रिको ब्रुनेटी. पेशाने संगीतकार, छंदाने कीटकतज्ज्ञ, मुक्काम कलकत्ता. लांब शृंगिका असलेल्या नाजूक द्विपंखी कीटकांचा हा ग्रंथ. पण शीर्षकातच नमूद केले होते की यातून कायरोनोमिडी आणि क्युलिसिडी ही दोन कुळे वगळली आहेत. क्युलिसिडी म्हणजे डास. त्यांची भरपाई पुढे झाली : १९३३ मध्ये क्रिस्टोफर्स यांचा अॅनॉफिलीसवरील खंड आला आणि १९३४ मध्ये बॅरोड यांचा इतर डासांवरील. कायरोनोमिडींचा खंड त्या मालेत कधीच निघाला नाही. जो चावतो, त्याच्यासाठी सरकारने पैसा, माणसे आणि कागद पुरवला. जो चावत नाही, तो कंसात राहिला.

१०/
कोणी पाहिलेच नाही, असेही नाही. कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयातील नमुने लोरेन प्रांतातील बिच या गावी झां-झाक किफर यांच्याकडे जात. हे कॅथलिक धर्मगुरू आणि निसर्गशास्त्राचे शिक्षक होते. भारतातील या कीटकांवरचा त्यांचा मोठा अभ्यास १९१० मध्ये संग्रहालयाच्या नियतकालिकात छापला गेला. त्या काळी कुळाच्या नावावरही एकमत नव्हते. जर्मन अभ्यासक मायगेन यांनी १८०० मध्ये एक नाव दिले होते, ‘टेंडिपेस’, आणि १८०३ मध्ये दुसरे, ‘कायरोनोमस’. १९०८ मध्ये जुनी पुस्तिका पुन्हा उजेडात आली आणि अभ्यासकांचे दोन तट पडले. आंतरराष्ट्रीय मंडळाने १९६३ मध्ये जुनी नावे रद्द ठरवली, तेव्हा कुठे वाद मिटला. टिकलेले नाव सुंदर आहे. ग्रीक भाषेत कायरोनोमस म्हणजे हातांच्या हालचालींनी अभिनय करणारा. हा कीटक बसताना पुढचे दोन पाय हवेत उचलून धरतो, जणू हस्तमुद्रा दाखवणारा नर्तकच.

११/
नावात दडलेली ही मुद्रा हीच छायाचित्रातील पहिली खूण. डास बसतो तेव्हा बहुधा मागचे पाय उचलतो. हा पुढचे उचलतो. दुसरी खूण तोंडाची : डासाची सरळ लांब सोंड बाजूने काढलेल्या छायाचित्रात स्पष्ट दिसते, याचे तोंड आखूड असते. तिसरी पंखांची : डासाच्या पंखांच्या शिरांवर आणि कडेला खवले असतात, याच्या पंखांवर ते नसतात, शिवाय याचे पंख पुष्कळदा उदराच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत. चौथी पाठीची : वक्ष फुगीर असून डोक्यावर कमानीसारखे झुकलेले असते. डोक्यावरचा पिसांचा तुरा मात्र फसवतो. तो नराचा असतो, आणि नर डासालाही तसाच तुरा असतो. गंमत अशी की दोन्ही कुळांतले तुरेवाले नर चावत नाहीत. म्हणजे ज्या दागिन्याला पाहून माणूस घाबरतो, तो निर्धोकपणाचाच दाखला असतो.

१२/
छायाचित्र किती पुढे नेते? कुळापर्यंत बहुतेक वेळा, उपकुळापर्यंत पुष्कळदा. पुढच्या पायाच्या पंजाचा पहिला सांधा नडगीहून लांब असेल, तर कायरोनोमिनी या उपकुळाकडे कल जातो. तो आखूड असून पंख केसाळ, ठिपकेदार असतील, तर टॅनिपोडिनीकडे. जातीपर्यंत पोहोचणे मात्र क्वचितच शक्य होते. जगात या कुळाच्या सात हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे आणि त्यांतील कित्येक जातींचा फरक नराच्या उदराच्या टोकावरील जननावयवांत असतो. ते पाहण्यासाठी नमुना काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. म्हणून जाणकार पुष्कळदा कुळाचे किंवा उपकुळाचे नाव देऊन थांबतो. हे थांबणे ज्ञानाचाच भाग आहे.

चुकीची किंमतही लक्षात ठेवावी. सेराटोपोगोनिडी हे चावणारे बारीक कीटक पूर्वी कायरोनोमिडींतच गणले जात. पुढे त्यांचे वेगळे कुळ झाले. त्यांच्या पंखातील मधली शीर दुभागते, कायरोनोमिडींची सरळ जाते. केसाएवढ्या या फरकाला मोठा अर्थ आहे : त्यांच्यातील क्युलिकॉइडीस हे कीटक मेंढ्यांमध्ये ब्लूटंग हा रोग पसरवतात, आणि महाराष्ट्रात १९६४ मध्येच त्या रोगाची नोंद झाली आहे.

१३/
न चावणाऱ्याकडे लक्ष देण्याचे कारण पाण्यात आहे. या कीटकाचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, संथ पाण्याच्या तळच्या गाळात जाते. देवळालीच्या परिसरातून दारणा वाहते. तिच्यावरचे इगतपुरी तालुक्यातील धरण १९१६ मध्ये पुरे झाले. पुढे ती गोदावरीला मिळते. नद्या, बंधारे, डबकी, टाक्या, सर्वत्र या अळ्या गाळातील कुजलेले कण खातात आणि माशांचे, पाखरांचे अन्न होतात. त्यांच्यातील काही लालभडक असतात, कारण त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. त्यामुळे प्राणवायू फार कमी असलेल्या घाण पाण्यातही त्या तग धरतात. इतर जलकीटक नाहीसे होऊन केवळ लाल अळ्याच उरल्या, तर पाण्यात सांडपाणी वाढले आहे, असे अनुमान करता येते. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कायरोनोमस रॅमोसस या भारतीय जातीवर दीर्घकाळ संशोधन झाले असून तिच्या अळ्या किरणोत्सर्गाचा विलक्षण मोठा मारा सोसतात, असे आढळले आहे. या जातीला शास्त्रीय नाव मिळाले १९९२ मध्ये. अचलपूरच्या डासाला ते १९०१ मध्येच मिळाले होते.

१४/
त्या अचलपूरच्या डासाची कथा अजून चालू आहे. २०१२ मध्ये अॅनॉफिलीस स्टीफेन्सी आफ्रिकेतील जिबुतीत आढळला आणि नंतर इथिओपियासह इतर देशांत पसरला. टाक्यांतील साठवलेल्या पाण्यात वाढणारा हा डास आफ्रिकेतील शहरांत हिवतापाचे नवे संकट होऊन बसला आहे. तेथे आज त्याला ओळखण्याचे काम चालते, ते लिस्टन यांनी वऱ्हाडात केलेल्या वर्णनाच्या पायावरच. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती नोंद उपयोगी पडते, कारण तिच्यात जागा, काळ आणि खुणा नीट लिहिल्या होत्या. संग्रहालयात टाचणीखालची चिठ्ठी हरवली, तर नमुन्याची बरीचशी किंमत जाते. छायाचित्राचेही तसेच असते.

१५/
म्हणून हात उगारण्याआधी तीन छायाचित्रे पुरतात : एक बाजूने, सोंड आहे की नाही हे दिसावे म्हणून, एक वरून, पंख आणि उदर यांची लांबी ताडता यावी म्हणून, एक समोरून, शृंगिका आणि उचललेले पाय दिसावेत म्हणून. त्यांच्यासोबत चिठ्ठी हवी. शिपायांच्या बोलीने देवळालीचे नाव जगभर नेले ते वेडाचे नाव म्हणून. या चिठ्ठीवर तेच नाव वेगळ्या कामाला येते :

देवळाली कॅम्प, जिल्हा नाशिक. तारीख. संध्याकाळ, दिव्याखालची भिंत. नर. कुळ कायरोनोमिडी. चावत नाही.